बर्नीच्या खांद्यावरचा माणूस

माझी दुबईतली पहिली नोकरी एका संत्र्यावर लागली.

अल बर्शातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते ऑफिस होतं. हॉटेलांची, शाळांची, ऑफिसांची लाकूडकामं घेणारी कंपनी. दारं, कपाटं, भिंतींचं पॅनेलिंग, रिसेप्शनचे काउंटर. वर्कशॉप शारजाच्या औद्योगिक भागात आणि कागदपत्रं आमच्याकडे. अ‍ॅडमिनला कुणीतरी हवं होतं. मी पुण्याहून आले होते, मुलगी ईशा शाळेत जायला लागली होती, नवरा सकाळी बँकेत जायचा तो संध्याकाळीच उगवायचा, आणि डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरची तीच ती इमारत बघून मला अगदी नको झालं होतं.

सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून मी केबिनमध्ये शिरले. टेबलामागे पन्नाशीचा एक आडदांड गोरा माणूस उभा होता. नाक कधीतरी मोडून जमेल तसं जोडलेलं. एक कान वाळलेल्या जर्दाळूसारखा आक्रसलेला. तो "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि टेबलावरचं संत्रं उचलून त्याने सरळ माझ्याकडे फेकलं.

फाइल पडली. माझी दहावीपासूनची सगळी हुशारी कार्पेटवर पसरली. संत्रं मात्र मी ओढणीत झेललं.

"कधीपासून येशील?" त्याने विचारलं.

तो ऑस्ट्रेलियन होता, कंपनीची सगळी कामं तोच बघायचा आणि ऑफिसात त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. का म्हणायचे ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे तो आर्मीत होता, कुणी म्हणे जहाजावर. मी सुरुवातीला आदराने 'ते' वगैरे मनात म्हणायचा प्रयत्न केला. पण इंग्रजीत तू आणि तुम्ही सगळं एकच. शिवाय जो माणूस दिवसभर अंगावर वस्तू फेकतो त्याला किती दिवस 'ते' म्हणणार? त्याचा 'तो' कधी झाला कळलंच नाही.

फेकणं ही त्याची बोलायचीच पद्धत होती. किल्ल्या, स्टेपलर, लाकडाचे नमुने, कधी कधी गुंडाळलेली ड्रॉइंग्ज. "झेल" वगैरे सांगायचं नाही. तुमच्याकडे बघायचं आणि सोडून द्यायचं. नवीन माणसं पहिला आठवडा घाबरून असायची. मग हळूहळू सगळ्यांचे हात तयार व्हायचे. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावरून टोमॅटो घरंगळला आणि मी मागे न बघता तो डाव्या हाताने पकडला, तेव्हा ईशा म्हणाली, "आई, दॅट वॉज सो कूल. हू टॉट यू?"

मीटिंग लांबली की तो मध्येच उठायचा, पँट्रीत जायचा आणि संत्र्यांच्या चतकोर फोडी ताटलीत घालून आणायचा. कुणीही असो, क्लायंट असो की मालक, सालीसकट फोड दातात धरून खायला लावायचा. "आधी खा. भुकेलेली माणसं वाईट निर्णय घेतात," म्हणायचा. हे सगळं तो बोलायचा इंग्रजीतच. मी माझ्या सोयीने मराठीत लिहितेय.

मराठीतला एकच शब्द त्याला येत होता, तोही माझ्यामुळे. काही अडचण आली की तो एकदम मोठ्याने "माइन!" असं ओरडायचा. म्हणजे हे माझं, हे मी बघतो, बाकीच्यांनी बाजूला व्हा. एकदा त्याने विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात. मी सांगितलं, 'माझा'. तेव्हापासून ऑफिसात "माझा!" सुरू झालं. मी सांगायचे, कॅप्टन, फाइल असेल तर माझी, काम असेल तर माझं. तो म्हणायचा, "चेंडू हवेत असताना व्याकरण बघत बसलं तर दुसरा घेऊन जातो."

कुठला चेंडू, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

वर्कशॉपचे फोरमन होते दाऊदभाई. रत्नागिरीकडचे, दापोलीजवळच्या गावचे. लाकडावर नुसता तळवा फिरवून त्याची जात सांगायचे. कॅप्टनचं आणि त्यांचं विलक्षण जमायचं. कॅप्टन मूळचा सुतार होता, शाळा सोडल्यापासून हाच धंदा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण एखाद्या दाराच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं तासभर बोलायचे. दाऊदभाई मला म्हणायचे, "मॅडम, ह्यो माणूस साहेब नाय. ह्यो आमच्यातलाच, चुकून गोरा झालाय."

मग एक दिवस शाळेचं काम आलं. दुबईत एक मोठी आंतरराष्ट्रीय शाळा बांधायची होती आणि तिचा प्रोजेक्ट मॅनेजर ऑस्ट्रेलियन होता. चाळिशीचा, उन्हाने लाल झालेला, तोंडावर कधी हसू नाही असा माणूस. तो पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आला, मी त्याला कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, आणि कॅप्टन हातात ताटली घेऊन आत आला. तो माणूस उठला. हात पुढे केला, पण हात मिळवायचं विसरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी बघत होते.

"माझ्या खोलीत तुमचा फोटो होता," तो म्हणाला. "पलंगाच्या वर. बारा वर्षांचा होईपर्यंत मी तुमच्या नंबरची जर्सी घालून झोपायचो."

कॅप्टनने ताटली टेबलावर ठेवली, "मी जरा व्हेनीअरचे नमुने घेऊन येतो" असं काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. परत येईना. मग मी आणि तो प्रोजेक्ट मॅनेजर दोघंच बसलो, आणि त्याने मला सगळं सांगितलं.

ऑस्ट्रेलियात त्यांचा एक स्वतःचा फुटबॉल आहे. मैदान क्रिकेटचं असतं तसं मोठं आणि लांबट गोल, चेंडूही लांबट. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने धाडला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. लाथेने उडवलेला चेंडू हवेतच झेलता आला तर खेळ तुमच्यासाठी क्षणभर थांबतो, आणि तो झेलण्यासाठी पुढच्या माणसाच्या पाठीवर, खांद्यावर गुडघे टेकवून चढलं तरी चालतं. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगावर पॅड वगैरे काही नाही. मेलबर्नमध्ये या खेळापायी घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, असं तो म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता.

या खेळात आमचा कॅप्टन, नमुने आणतो म्हणून स्टोअरमध्ये लपून बसलेला माणूस, त्याच्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू होता. संघाचा कॅप्टन. दोनदा अजिंक्यपद. एका वर्षी सगळ्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पदक. आपल्या क्लबचा सर्वोत्तम तर कितीदा, ते त्या प्रोजेक्ट मॅनेजरला बोटांवर मोजूनही धड सांगता येईना. एका अंतिम सामन्यात बरगडी मोडलेली असताना शेवटचा गोल मारून सामना फिरवला होता. आणि एक झेल होता. तो सांगताना प्रोजेक्ट मॅनेजर खुर्चीवरून उठलाच. चेंडू उंच आला, समोरचा खेळाडू बर्नी झेलायला उभा होता, आणि कॅप्टन मागून धावत येऊन बर्नीच्या खांद्यांवर असा चढला की क्षणभर तो त्याच्यावर उभाच होता. त्या क्षणाचा फोटो देशभर घराघरांत लागला. त्याच्या खोलीतला फोटो तोच.

"आणि हा माणूस इथे दारं करतो?" त्याने मला विचारलं.

"चांगली करतो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो गेल्यावर मी स्टोअरमध्ये गेले. कॅप्टन प्लायच्या ढिगावर बसला होता.

"तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"काय केलं असतंस तू त्याचं?" त्याने खरंच कुतूहलाने विचारलं. मग तो म्हणाला, "सगळे तो फोटो बघतात. पण खाली बर्नी आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझे गुडघे त्याच्या मानेवर बसले होते. त्याची मान अजून डावीकडे पूर्ण वळत नाही. त्याला गाडी मागे घेता येत नाही नीट."

सामना संपल्यावर कॅप्टन बर्फ घेऊन समोरच्या संघाच्या खोलीत गेला होता. तेव्हापासून दोघं मित्र. बर्नी बेकरी चालवायचा. कॅप्टन त्याला रोज सकाळी ऑफिसला यायच्या आधी फोन करायचा आणि पहिला प्रश्न मानेचा असायचा. कॅप्टनची बायको पूर्वीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. बर्नी हेच त्याचं घरचं माणूस.

त्यानंतर काही महिन्यांत मंदी आली. आधी बातम्यांमध्ये होती, मग नवऱ्याच्या बँकेत आली, मग आमच्या इमारतीत. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये दर आठवड्याला कुणीतरी फर्निचर विकायला काढायचं. ईशाच्या वर्गातल्या मुली सोमवारी असायच्या आणि पुढच्या सोमवारी नसायच्या. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, एवढं सोपं गणित होतं. शेख झायद रोडवरच्या क्रेन होत्या तशा थांबल्या. आमची दोन हॉटेलांची कामं एकाच आठवड्यात रद्द झाली. उरलं फक्त शाळेचं. तेही अजून आम्हाला मिळालं नव्हतं, आणि सगळ्या दुबईतल्या कंपन्या आता त्या एका शाळेच्या मागे होत्या.

आमचे मालक शारजाचे, मृदू बोलणारे, वयस्कर गृहस्थ. त्यांनी कॅप्टनला बोलावलं. मी चहा घेऊन आत होते.

"हबीबी," ते म्हणाले, "हे काम गेलं तर वर्कशॉप खलास. मी अजून फार दिवस ओढू शकत नाही. शाळेचे ट्रस्टी शुक्रवारी जेवायला येतायत. सगळे तुझ्या देशाचे. तू ये. तुझी गोष्ट सांग त्यांना. तो फोटो, ती पदकं."

कॅप्टनचा चेहरा लाल झाला. "मी दारांबद्दल बोलेन."

"दारांबद्दल सगळेच बोलतील."

"नाही जमणार," कॅप्टन म्हणाला आणि बाहेर पडला. इतक्या महिन्यांत मी त्याला पहिल्यांदा 'नाही' म्हणताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन शारजाला गेला, काही सामान तपासायचं म्हणून. वर्कशॉपमध्ये शिरलो तर मशीन्सचा आवाज नाही. काम नव्हतंच. पण एकही सुतार बसलेला नव्हता. कुणी झाडलेली जमीन पुन्हा झाडत होता. कुणी धार लावलेल्या पटाशीला पुन्हा धार लावत होता. एक जण जुन्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालत होता. ती दारं कुठेच जाणार नव्हती. बसलेलं दिसलं तर पहिलं नाव आपलं लागेल, ही भीती. दाऊदभाई कोपऱ्यातून आले. नेहमीसारखे हसले नाहीत.

"कॅप्टन, चाय पियोगे?" एवढंच म्हणाले.

कॅप्टनने चहा घेतला. प्रत्येक सुताराजवळ जाऊन उभा राहिला. कुणाच्या अंगावर काही फेकलं नाही. परत येताना अल बर्शा आलं तशी त्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "मला शिकव."

"काय?"

"मी काय काय केलं ते. शुक्रवारी सांगायचंय ना."

मला वाटलं हा विनय आहे. ऑफिसात येऊन मी इंटरनेटवरून त्याची सगळी कारकीर्द शोधून काढली आणि आम्ही समोरासमोर बसलो, मी ईशाची स्पेलिंग घेते तशी. कुठल्या वर्षी पहिलं अजिंक्यपद? तो आढ्याकडे बघायचा. पदक कुठल्या वर्षी? "हिरव्या कोटाच्या वर्षी," म्हणायचा. बायकोने समारंभाला हिरवा कोट घातला होता. गोल किती मारले, ते धड सांगता यायचं नाही, पण कुठला चेंडू कुणी कुठल्या कोपऱ्यातून त्याच्याकडे दिला ते सगळं यायचं. "त्या गोलाचं काय विशेष? चेंडू माझ्या हातात आणून ठेवला होता त्याने." मी कपाळाला हात लावायचे. "कॅप्टन, ट्रस्टींना तुम्ही मारलेला गोल ऐकायचाय." तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, गृहपाठ न झालेल्या मुलासारखा.

"हे खरंच मी केलं?" एकदा त्याने माझ्या हातातला कागद बघून विचारलं.

"इथे तसं लिहिलंय."

"बराच बिझी होतो की मी."

आम्ही दोघं खूप हसलो. आता आठवलं की त्या हसण्याचं मला वाईट वाटतं.

शुक्रवारी दुपारी हॉटेलात लांबलचक टेबल मांडलं होतं. मालक, मी, शाळेची आठ-दहा माणसं, तो प्रोजेक्ट मॅनेजर. कॅप्टनने टाय लावला होता आणि तो सारखा बोटाने गळ्याशी सैल करत होता. जेवण संपत आलं तसं सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. मला माहीत होतं, या माणसाला टाळ्या पायात काटा रुतल्यासारख्या लागतात.

पण बोलला. अजिंक्यपदं सांगितली, पदक सांगितलं, मोडलेली बरगडी धरून कसा धावलो ते करून दाखवलं. मोठी मोठी माणसं शाळकरी पोरांसारखी हसत होती, ओरडत होती. मग कुणीतरी म्हणालं, तो झेल! तो झेल सांगा! कॅप्टनने खुर्ची मागे सारली. धावत कसा आलो, चेंडू कसा वर लटकल्यासारखा दिसत होता. "आणि माझ्या पुढे उभा होता," तो म्हणाला, "माझ्या पुढे उभा होता…"

थांबला.

सगळे पुढे सरकून बसले. त्यांना वाटलं गोष्ट रंगवतोय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी त्याचा हात बघितला. त्याने टेबलक्लॉथ मुठीत धरला होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

"बर्नी," मी ओठांनी म्हटलं.

"बर्नी," तो म्हणाला, जिन्यात अंधारात पायरी सापडावी तसा. "बर्नी होता माझ्या पुढे."

टाळ्यांनी हॉल दणाणला. त्या शांत झाल्यावर एका बाईंनी, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होणार होत्या, विचारलं, "अजिंक्यपद मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. कॅप्टन पहिल्यांदाच सैल झाला. "दुसऱ्या दिवशी डोकं धरून पडलो होतो. सोमवारी कामावर गेलो. एका विधवा बाईंच्या स्वयंपाकघराचं दार शुक्रवारी घाईत बसवलं होतं, ते घासत होतं. सामन्यात मध्यंतराला पण तेच डोक्यात होतं माझ्या. जाऊन काढलं, रंधा मारला, परत बसवलं. बाईंनी विचारलं, शनिवारी मॅच बघितलीस का? मी म्हटलं, हो, जवळून बघितली."

काम आम्हाला तिथेच मिळालं. पदकांमुळे मिळालं की दारामुळे, मला ठाऊक नाही. मुख्याध्यापिका बाईंनी जाताना एवढंच म्हटलं, "आमची दारं घासणार नाहीत अशी बसवा." दाऊदभाईंना मी फोन केला तर पलीकडून थेट मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. शुक्रवारची सुट्टी असून.

परत येताना कॅप्टनने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. टाय काढून मागच्या सीटवर टाकला.

"आज मी स्वतःला विकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "कामाला लावलं."

तो थोडा हसला. मग म्हणाला, "त्याचं नावच गेलं डोक्यातून."

"होतं असं. मला तर माझ्या सख्ख्या भाच्यांची नावं आठवत नाहीत वेळेवर."

"सकाळीच बोललो होतो त्याच्याशी," कॅप्टन म्हणाला. "मान विचारली होती."

त्याने गाडी सुरू केली.

शाळेचं काम दीड-दोन वर्षं चाललं. वर्कशॉप टिकलं, माणसं टिकली. त्या काळात कॅप्टन हळूहळू निसटत गेला. आधी ते विक्षिप्तपणातच खपून गेलं. एकच सूचना दोनदा द्यायचा. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा जेवायला बसायचा. मी सकाळी घरातून निघताना त्याला फोन करायला लागले, आज काय काय आहे ते सांगायला. दाऊदभाई संध्याकाळी त्याला घरी सोडायला लागले. आम्ही दोघांनी याबद्दल एकमेकांशी कधी ठरवलं नव्हतं. मालकांना कळलं होतं, पण त्यांनी त्याची केबिन हलवली नाही की कामावरून शब्द काढला नाही. फक्त त्याच्या सहीच्या शेजारी आपली सही करायला लागले.

एका शुक्रवारी सकाळी दाऊदभाईंचा फोन आला. "मॅडम, जरा येता काय वर्कशॉपला?"

नवरा आणि मी गेलो. जूनचं ऊन होतं. वर्कशॉपच्या पायरीवर कॅप्टन हाफ पँट घालून बसला होता आणि बुटांच्या नाड्या आवळत होता. टॅक्सीने आला होता. मला बघून म्हणाला, "उशीर केलास. मॅच किती वाजता आहे?"

दाऊदभाई त्याच्याजवळ पायरीवर बसले. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अगदी गंभीरपणे म्हणाले, "कॅप्टन, नो मॅच टुडे. रेन. टू मच रेन."

कॅप्टनने वर बघितलं. शारजाचं आभाळ पांढरंफटक तापलेलं होतं. त्याने मान हलवली. "पावसात तर आम्ही मस्त खेळायचो," तो म्हणाला, पण नाड्या सोडायला लागला. दाऊदभाईंनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

डॉक्टर म्हणाले, मैदानावर डोक्याला बसलेले मार असे उशिरा वर येतात. किती वेळा बेशुद्ध पडलात, असं त्यांनी विचारलं. कॅप्टन म्हणाला, "ते ज्याला आठवतं तो बेशुद्ध पडलेला नसतो." डॉक्टर हसले नाहीत.

मी बर्नीला फोन केला. तो पुढच्याच विमानाने आला. बुटका, गोल, मान किंचित उजवीकडे झुकलेली, हातांवर भट्टीचे जुने चटके. विमानतळावर मी त्याला लगेच ओळखलं. मी त्याच्या डावीकडे होते, माझ्याकडे बघायला तो अख्खा वळला. चार दिवस तो आमच्याकडे राहिला, रोज पहाटे उठून ईशासाठी पाव भाजायचा. मी त्याला विचारलं, त्या झेलाचा राग कधी आला नाही?

"कसला राग?" तो म्हणाला. "माझा पाठमोरा फोटो जितक्या घरांत आहे तितका राणीचा नसेल. त्या फोटोवर मी आयुष्यभर फुकट बिअर प्यायलोय. पण याला ते कधी पटलंच नाही. तीस वर्षं सॉरी म्हणतोय." मग पीठ मळता मळता थांबला. "गेल्या आठवड्यात फोनवर मान विचारायला विसरला. तेव्हाच मी बॅग काढून ठेवली होती."

बर्नी कॅप्टनला घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला त्या दिवशी अर्धं वर्कशॉप विमानतळावर आलं होतं. कॅप्टनला ही सगळी माणसं कोण हे नीट कळत नव्हतं, पण त्याने प्रत्येकाचा हात हातात घेऊन तळवा बघितला, आणि सुतार आहेत हे त्याला कळलं. दाऊदभाईंपाशी आला तेव्हा त्यांनी त्याला मिठीच मारली. ते हुंदके देत होते. कॅप्टनने त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "माझा."

व्याकरणात त्याचं त्या वेळी बरोबर होतं.

पुढे बरीच वर्षं गेली. आम्ही दुबईतच राहिलो. मालक गेले, दाऊदभाई गावी जाऊन नातवंडांत रमले. बर्नी अधूनमधून खुशाली कळवायचा. ईशा शिकायला मेलबर्नलाच गेली आणि तिच्या पदवीदानाला आम्ही गेलो, तेव्हा बर्नीने मला क्लबच्या जेवणाला बोलावलं. जुन्या कॅप्टनांचा सत्कार होता.

मोठा हॉल होता, गोल टेबलं, तीन-चारशे माणसं. कॅप्टन आमच्या टेबलाशी बसला होता. खूप वाळला होता, पण कोट कडक इस्त्रीचा. बर्नीने त्याच्या एका बाजूला बसून माझी ओळख करून दिली. त्याने अदबीने उठून हात मिळवला. "तुम्हाला भेटून आनंद झाला." मी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्याने माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरला, मी पाहुणी म्हणून.

मग स्टेजवरून त्याची कारकीर्द वाचायला सुरुवात झाली. मी त्या कागदावरून त्याच्याकडून घोकून घेतलेली सगळी वर्षं, सगळे सामने. अजिंक्यपद. टाळ्या. पदक. टाळ्या. पडद्यावर जुनी फिल्म चालली होती. लांब केसांचा एक तरुण चिखलातून असा धावत होता की त्याला अडवायला कुणी पुढे यावंसं वाटू नये. कॅप्टन खुर्चीच्या कडेला येऊन बघत होता. प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवत होता. सगळ्यांपेक्षा जोरात.

"जबरदस्त होता हा," तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला.

"हो."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"ओळखते. दुबईत आम्ही एका ऑफिसात होतो."

त्याने वळून माझ्याकडे नीट बघितलं. स्टेजवर अजून वाचन चालूच होतं.

"इतकं सगळं मिळालेला माणूस," तो हळू आवाजात म्हणाला, "डोक्यात हवा गेली असेल त्याच्या."

पलीकडे बर्नी ताटात बघत होता.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. फार चांगला माणूस होता. त्याच्यामुळे आमच्या कितीतरी लोकांच्या चुली पेटत्या राहिल्या."

"असं?" त्याचा चेहरा उजळला. "बरं झालं. मला काळजी वाटत होती."

एवढ्यात स्टेजवरून त्याचं नाव पुकारलं गेलं आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. तोही सगळ्यांबरोबर उठला. टाळ्या थांबतच नव्हत्या. सगळी तोंडं आमच्या टेबलाकडे वळली होती. त्याने मागे वळून बघितलं, मग डावीकडे, मग उजवीकडे.

"कुठे बसलाय तो?" त्याने बर्नीला विचारलं.

"इथेच आहे," बर्नी म्हणाला.

आणि तो टाचा उंचावून, लोकांच्या डोक्यांवरून त्याला शोधत राहिला, टाळ्या वाजवत.